राजाने राजवाडा दिलाच नव्हता

नोव्हेंबर उजाडला की एक मेसेज फिरायला लागतो. सोबत हिरव्या टेकडीवरच्या पांढऱ्या संगमरवरी छत्रीचा फोटो असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. तो असा: 'पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय जवानांसाठी इंग्लंडच्या राजाने ब्रायटनचा स्वतःचा राजवाडा रिकामा करून दिला. तिथल्या टेकडीवर १२,००० भारतीय वीरांना अग्नी देण्यात आला. जातपात, गोरा-काळा सगळे भेद विसरून इंग्रजांनी त्यांची सेवा केली. ब्रिटिश सरकारने कृतज्ञतेपोटी ही छत्री बांधली, प्रत्येक हुतात्म्याचं नाव तिच्यावर कोरलं आणि तेव्हापासून एकही वर्ष न चुकता इंग्लंड तिथे नतमस्तक होतं. या वीरांत बहुतेक आपले मराठे होते. पाठ्यपुस्तकांनी हे लपवलं. अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.'

मला तो शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शेवटी एका काकांनी 'तू इतिहासाचं वाचतोस ना, बघ' म्हणून खास पाठवला. बघितलं. छत्री खरी आहे, टेकडी खरी आहे, जखमी खरे आहेत. बाकी जवळपास प्रत्येक वाक्याला कुठे ना कुठे ठिगळ लावलेलं आहे. शिवाय यातलं सगळ्यात मोठं ठिगळ व्हॉट्सॲपच्या जमान्यातलं नाहीच. ते १९१५ सालचं आहे.

राजवाड्यापासूनच सुरुवात करतो.

ब्रायटन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, ससेक्स काउंटीतलं गाव. ससेक्स म्हणजे दक्षिण सॅक्सनांचा मुलूख. १०६६ साली नॉर्मन विल्यमने ज्या लढाईत इंग्लंड जिंकलं, ती हेस्टिंग्जची लढाई याच काउंटीत झाली. ब्रायटन मात्र तेव्हा आणि पुढेही कित्येक शतकं साधं मासेमारीचं गाव होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर शेजारच्या ल्युइस गावच्या डॉ. रिचर्ड रसेलने 'समुद्राचं पाणी अंगाला लावा, प्या, रोग पळतील' असं छापून प्रसिद्ध केलं आणि लंडनचे श्रीमंत तिकडे धावू लागले. १७८३ साली युवराज जॉर्ज आला, रमला, राहिला. त्याच्या हौसेखातर आधी हेन्री हॉलंडने एक टुमदार बंगला बांधला आणि १८१५ पासून जॉन नॅशने त्याच्यावर घुमट, मिनार, जाळ्या चढवल्या. हाच रॉयल पॅव्हिलियन. नॅश भारतात कधी आलाच नव्हता. चित्रांच्या पुस्तकांतून बघितलेला भारत त्याने बाहेरून उभा केला आणि आतली सजावट मात्र चिनी थाटाची झाली. त्यामुळे 'भारतावरच्या प्रेमापोटी बांधलेला महाल' असंही जे अधूनमधून वाचायला मिळतं, ते सोडून द्यावं. तो एका उधळ्या युवराजाचा शौक होता.

आता मुद्दा. जॉर्ज गेला, पुढे व्हिक्टोरिया गादीवर आली. तिला ही वास्तू आवडेना. भर गावात असल्यामुळे एकांत नाही, लोक डोकावतात, ही तिची तक्रार. शेवटी १८५० साली ब्रायटनच्या नगर प्रशासनाने पॅव्हिलियन ५३ हजार पौंडांना विकत घेतला. म्हणजे महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो राजाच्या मालकीचा न राहून चौसष्ट वर्षं झाली होती. तिथे गावाचे समारंभ, मैफली, प्रदर्शनं व्हायची. १९१४ च्या शेवटी लष्कराला भारतीय जखमींसाठी जागा हवी होती, ती नगरपालिकेने दिली. मेयर जॉन ऑटर यांनी त्यासाठी बरीच धावपळ केली. युद्धकाळातल्या राजाने, पाचव्या जॉर्जने, रुग्णालयाला भेटी दिल्या आणि ऑगस्ट १९१५ मध्ये जमादार मीर दस्त यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच हिरवळीवर लावला, हे खरं. पण जे आपल्या मालकीचंच नाही ते रिकामं करून कसं देणार?

मग ही कथा आली कुठून? तर युद्धाच्या प्रचारयंत्रणेतून. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला होता, भारतीय सैन्यात मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते, पंजाबात इंग्रजांविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या गदरवाल्यांची धामधूम होती. अशा वेळी 'बादशहाने आपला महाल तुमच्या मुलांसाठी मोकळा केला' ही बातमी गावोगाव पोचणं सरकारला सोन्यासारखं होतं. पॅव्हिलियनची माहिती देणारी सचित्र पुस्तिका इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत छापून भारतात पाठवली गेली. घुमटांखाली रांगेने मांडलेल्या खाटांची पोस्टकार्डं निघाली. शिपायांनाही तेच सांगितलं गेलं होतं. जिथे पूर्वी राजाचं सिंहासन होतं तिथे आमचं इस्पितळ आहे, असं एकाने घरी लिहिलेलं आहे. त्या बिचाऱ्याला दोष कसा द्यायचा? पण आज शंभर वर्षांनी आपण तीच जाहिरात, तीही फुकटात, 'पाठ्यपुस्तकांनी लपवलेलं सत्य' म्हणून एकमेकांना पाठवतोय, याची मात्र गंमत वाटते.

एक बारकावा तर मेसेजवाल्यांना ठाऊकच नसावा. पॅव्हिलियनच्या आवारातल्या ज्या प्रचंड घुमटाखाली जखमींचा मोठा वॉर्ड होता, तो 'डोम' मुळात युवराजाचा तबेला. साठेक घोडे बांधायची सोय होती त्यात. नंतर त्याचं संगीत सभागृह झालं आणि १९१४ मध्ये रुग्णालय. पॅव्हिलियनच्या दक्षिणेकडचं गुजराती घाटाचं प्रवेशद्वार जाऊन बघा. ते भारताने दिलेली भेट म्हणून १९२१ साली पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते खुलं झालं. त्यावरच्या लेखात ते ब्रायटनच्या रहिवाशांच्या वापरासाठी अर्पण केल्याचं लिहिलंय. आभार कोणाचे मानायचे, हे तेव्हाच्या लोकांना नीट माहीत होतं.

दुसरा दावा आकड्याचा, तो झटकन उरकता येतो. ब्रायटनच्या रुग्णालयांत (पॅव्हिलियन आणि डोम, यॉर्क प्लेसची शाळा आणि गावाच्या अनाथ-गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये उघडलेलं किचनर इंडियन हॉस्पिटल) डिसेंबर १९१४ ते १९१६ च्या सुरुवातीपर्यंत मिळून सुमारे १२,००० भारतीय जखमी आणि आजारी आले. आले, मेले नाहीत! टेकडीवर अग्नी दिला गेला तो ५३ हिंदू आणि शीख जवानांना. ब्रायटनमध्ये दगावलेल्या २१ मुसलमान जवानांना शेजारच्या सरे काउंटीत, वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केलं. कोणीतरी 'दाखल झाले'चं 'दहन झाले' केलं आणि तेच पुढे चाललं. खरा आकडा लहान म्हणून कमी मोलाचा ठरत नाही. उलट इतक्या जखमींत मृत्यू इतके कमी, हे त्या डॉक्टरांचं आणि शुश्रूषा करणाऱ्यांचं श्रेय आहे. मेसेजमधला फुगवलेला आकडा नेमकं तेच श्रेय काढून घेतो.

तिसरा दावा, 'भेद विसरून सेवा'. यात थोडं थांबायला हवं, कारण हा अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं निस्तरायला जास्त वेळ लागतो.

सोय खरोखर चांगली होती. पॅव्हिलियनच्या आवारात नऊ स्वयंपाकघरं होती: मुसलमानांची वेगळी, मांसाहारी हिंदूंची वेगळी, शाकाहारींची वेगळी. वॉर्डात हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे स्वतंत्र नळ. सूचना उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. शिखांसाठी हिरवळीवर तंबूत गुरुद्वारा, मुसलमानांना नमाजाला जागा. मृतांना टेकडीवर नेऊन विधीपूर्वक अग्नी देता यावा म्हणून लाकडं, तूप, ब्राह्मण, शिखांचे ग्रंथी, सगळ्याची व्यवस्था. त्या काळच्या इंग्लंडमध्ये उघड्यावर चिता पेटवायला परवानगी मिळवणं ही साधी गोष्ट नव्हती. हे सगळं मान्य.

पण नीट बघा, यात जात 'विसरली' कुठे? ती तर नळापर्यंत पाळली गेली. सफाईचं काम करायला आणलेले कामगार वेगळेच राहिले. शेजारच्या हॅम्पशर काउंटीत ब्रोकनहर्स्ट गावी लेडी हार्डिंज हॉस्पिटलमध्ये सुखा नावाचा बरेलीचा तीस वर्षांचा सफाई कामगार होता. तो जानेवारी १९१५ मध्ये वारला. त्याला हिंदूंनीही आपलं म्हटलं नाही, मुसलमानांनीही नाही, असं तिथे सांगतात. शेवटी गावच्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली आणि गावकऱ्यांनी वर्गणीतून दगड बसवला. तो धर्माने ख्रिस्ती नव्हता, हे त्या दगडावर स्वच्छ लिहिलंय. त्या खेड्याने जे केलं ते आपल्याच माणसांनी केलं नव्हतं. हे मेसेजमध्ये येणार नाही, कारण याने छाती फुगत नाही.

आणि गोरा-काळा? किचनर हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल सर ब्रूस सीटन यांनी आवाराला काटेरी तारा घातल्या, पहारे बसवले. बरे होत असलेल्या शिपायांना मनासारखं बाहेर पडता येईना. गावातल्या बायकांशी त्यांची ओळख होऊ नये, ही वरिष्ठांची मोठी काळजी. गोऱ्या परिचारिकांनी भारतीय रुग्णांच्या अंगाला हात लावू नये, असाही लष्करी खात्याचा आग्रह होता आणि १९१५ मध्ये वर्तमानपत्रात अशा एका परिचारिकेचा फोटो आल्यावर गदारोळ उडाला. समुद्रकिनाऱ्यावर मोटारीतून फेरी मारून आणायचे, पण ती पहाऱ्यात.

या कोंडमाऱ्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. किचनर हॉस्पिटलमधल्या एका सब-असिस्टंट सर्जनने १९१५ साली याच निर्बंधांच्या संतापातून कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडायचा प्रयत्न केला. नोंदींत नाव आहे जगू गोडबोले. कर्नल वाचले, गोडबोल्यांना तुरुंगवास झाला. ब्रायटनच्या कथेतलं हे ठळक मराठी नाव आणि नेमकं तेच 'बहुतेक आपले मराठे होते' म्हणणाऱ्या मेसेजमध्ये नाही! गोडबोल्यांनी केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. पण ज्या रुग्णालयात सगळे भेद गळून पडले होते म्हणता, तिथल्याच एका डॉक्टरवर ही वेळ का आली, एवढं तरी विचारायला नको?

याच सीटन यांनी एक चांगलं कामही केलं, तेही सांगायला हवं. भारतीय शिपाई आघाडीवरून सुटका व्हावी म्हणून स्वतःच स्वतःला, विशेषतः हाताला, जखमा करून घेतात, असा संशय तेव्हा अधिकाऱ्यांत पसरला होता. सीटन यांनी एक हजार जखमा तपासून अहवाल लिहिला आणि त्या संशयाला आधार नसल्याचं दाखवलं. माणसं अशीच असतात, एका मेसेजात न मावणारी.

शिपायांचं मन कळतं ते पत्रांतून, आणि ती पत्रंही सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. काहींनी ब्रायटनला स्वर्ग म्हटलं. काहींनी सांकेतिक भाषेत लिहिलं: काळी मिरी म्हणजे भारतीय शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतायत, पण अधूनमधून काळीही लागते, अशा अर्थाचं. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून तर आज आपल्याला वाचायला मिळतं. सर्वांत कडू तक्रार जेवणाची किंवा तारेची नव्हतीच. बरं झालेल्याला पुन्हा खंदकात पाठवतात, ही होती. सुसज्ज इस्पितळ कशासाठी होतं, हे खाटेवरच्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

चौथा दावा: सरकारने बांधली, नावं कोरली, दरवर्षी नतमस्तक.

छत्रीची कल्पना ब्रिटिश सरकारची नव्हती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लेफ्टनंट दासगुप्ता यांनी ऑगस्ट १९१५ मध्ये ती मेयर ऑटर यांच्यापुढे मांडली. खर्च इंडिया ऑफिस (भारताचा कारभार पाहणारं लंडनमधलं खातं) आणि ब्रायटन नगरपालिका यांनी निम्मा-निम्मा उचलला. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकाराचा, देखरेख जयपूरच्या वास्तूंमुळे नाव झालेल्या सर स्विंटन जेकब यांची. मुंबईचं नाव घ्यायचंच होतं, तर मेसेजवाल्यांनी हे घ्यायला हवं होतं. आणि 'छत्री' हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्याला कळतं, जिथे अग्नी दिला तिथेच ती उभी राहते. पॅचम गावावरच्या उतारावर, ज्या ओट्यांवर चिता पेटल्या त्यांच्यावर ग्रॅनाइटच्या शिळा बसवून वर आठ खांबांचा घुमट उभा केला. 'जिथे हिंदू आणि शीख अग्नीतून गेले' अशा अर्थाचे शब्द चार भाषांत आहेत. नाव मात्र एकाचंही नाही. ५३ नावं कोरलेला वेगळा दगड युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने शेजारी बसवला, तो २०१० साली. म्हणजे चिता पेटल्याला पंच्याण्णव वर्षं झाल्यावर.

अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्डच्या हस्ते झालं. हाच एडवर्ड त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला मुंबईला उतरला, तेव्हा त्याचं स्वागत परदेशी कपड्यांच्या होळीने आणि हरताळाने झालं, शहरात दंगल पेटली. दोनच दिवसांनी पुण्यात त्याच्याच हातून शिवस्मारकाची कोनशिला बसली. कृतज्ञतेचा हिशेब तेव्हाही सरळ नव्हता.

'एकही वर्ष न चुकता' तर साफ खोटं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस छत्रीची दुर्दशा झाली होती. दुसऱ्या महायुद्धात तो सगळा डोंगर लष्कराने सरावासाठी घेतला आणि छत्रीवर गोळ्या लागल्या, ब्रिटिश सैन्याच्याच. १९४५ मध्ये युद्धखात्याने दुरुस्ती केली. १९५१ पासून ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने वार्षिक यात्रा सुरू केली, ती १९९९ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी एका स्थानिक शीख शिक्षकाच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली आणि आता दर जूनमध्ये होते. इंग्लंड नव्हे, ब्रायटन परिसरातली माणसं तिथे जातात. गाडी जात नाही, गावापासून डोंगराच्या पायवाटेने चालावं लागतं.

ही माणसं का जातात, तेही ससेक्सच्याच इतिहासात आहे. वारा अनुकूल असला की फ्रान्समधल्या तोफांचा धुमधडाका या डोंगरांवर ऐकू यायचा. ३० जून १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या आदल्या दिवशी, शत्रूचं लक्ष वळवण्यासाठी ससेक्सच्या तीन पलटणी फ्रान्समध्ये रिशबुर्गजवळ पुढे सोडल्या. पाच तासांच्या आत ३६६ जण ठार झाले, हजारावर जखमी किंवा कैद. त्यांत सख्खे भाऊ होते, एकाच आळीतली पोरं होती. 'ससेक्स मेला तो दिवस' असंच तिथे म्हणतात. आणि ही जागा नव शापेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जिथे लढून आपले जखमी ब्रायटनला आले होते. भारतीयांचं मोठं स्मारक, ४,७०० हून अधिक नावांचं, १९२७ साली तिथेच उभं राहिलं. ज्या चिखलात सातारचा, जालंधरचा, गढवालचा माणूस पडला, त्याच चिखलात ब्रायटनचा पडला. हे नातं राजाच्या राजवाड्यापेक्षा जास्त खरं आहे.

राहिला शेवटचा दावा, बहुतेक मराठे. फ्रान्सला गेलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनमध्ये पंजाबी, शीख, गढवाली, गुरखा, डोगरा, पठाण यांचं वर्चस्व होतं. मराठी माणूस अजिबात नव्हता असं नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तिथे होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेलच्या गल्ल्यांत, घराघरांत संगिनींनी लढताना त्यांची फार मोठी हानी झाली. सुरुंग लावणाऱ्या, पूल बांधणाऱ्या कसबी माणसांना पायदळासारखं पुढे ढकललं होतं.

पण मराठा पलटणी लढल्या त्या प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमधून गेल्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवस. घोडे, खेचरं कापून खाल्ली. धर्माच्या शंकेने कित्येक भारतीय शिपायांनी बराच काळ ते मांस नाकारलं आणि उपासमारीने खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उरलेल्यांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलं. त्यांच्या वाट्याला ब्रायटन नव्हतं. नऊ स्वयंपाकघरं नव्हती, मोटारीची फेरी नव्हती, पोस्टकार्डं तर नव्हतीच. त्या आघाडीवरची औषधपाण्याची व्यवस्था इतकी ढासळली होती की लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला.

म्हणून ज्या काकांनी मला मेसेज पाठवला, त्यांना मी एवढंच कळवलं की आपल्या पणजोबांचं नाव शोधायचं असेल तर ससेक्सच्या टेकडीवर नको, बसऱ्याच्या स्मारकावर शोधावं लागेल. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली संख्या. ही भेदभावाची रीत होती, असं खुद्द कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या समितीने २०२१ च्या अहवालात मान्य केलं. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर वाळवंटात नेऊन उभं केलं.

काकांचं उत्तर आलं: 'मग आकडा तरी बघू. पलटण कोणती होती ते आत्याला विचारतो.'